जुना एसी : दुरुस्त करायचा की बदलायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या मांडवात व्याख्यान म्हटलं की ज्ञानेश्वरी, शिवचरित्र, गेला बाजार ‘मधुमेह आणि आहार’ असा विषय असतो. कार्यवाहांनी मला एसीवर बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अहो, बाप्पासमोर हे काय बोलायचं? ते म्हणाले, “मार्च ते मे सगळे तुम्हाला जिन्यात गाठून हेच विचारतात. एकदा माईकवर सांगून टाका, म्हणजे तुम्ही सुटलात आणि आम्हीही सुटलो.” रेफ्रिजरेशनच्या कामात माझी बत्तीस वर्षं पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेली. त्या जोरावर चार गोष्टी सांगतो. कंटाळा आला तर प्रसाद मागच्या बाजूला आहे.

आपल्यातले जुने लोक सांगतात की ते यशवंतपूरला राहायला आले तेव्हा घरात पंखासुद्धा नव्हता. खरंच आहे ते. समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटरवरचं हे गाव. संध्याकाळी खिडकी उघडली की काम भागायचं, आणि वारा योग्य दिशेचा असला तर सँडल सोप फॅक्टरीचा वासही फुकट यायचा. आता खिडकी उघडली की तुमकूर रोडची धूळ, हॉर्न आणि डास. त्यात एप्रिल २०१६ मध्ये बेंगळूरूचा पारा ३९.२ अंशांवर गेला आणि एप्रिल २०२४ च्या शेवटी ३८.५ वर. ज्या घरांनी “आपल्याला कशाला एसी?” म्हणत दहा वर्षं काढली, त्यांनीही घेतला. आणि २०१०-१२ च्या सुमाराला ज्यांनी हौसेने घेतला होता, त्यांचा आता कुरकुरायला लागला आहे. मग प्रश्न येतो, यात पैसे घालायचे की नवा आणायचा?

या प्रश्नाला दुकानदार, मेकॅनिक आणि अमेरिकेतला मुलगा हे तिघं एकच उत्तर देतात : नवा घ्या. कारण काय, तर जुना वीज खातो. हे अर्धं खरं आहे. ते अर्धं कुठलं, ते आधी बघू, कारण सगळा हिशेब तिथेच फिरतो.

नव्या एसीवर ताऱ्यांचं लेबल असतं. ते ऊर्जा दक्षता ब्युरोचं, म्हणजे बीईईचं. त्यावर वर्षाला इतके युनिट असा एक आकडा छापलेला असतो. दीड टनाच्या पाच तारेवाल्या स्प्लिटवर तो साधारण साडेसातशे ते आठशे असतो. लोक तारे बघतात, फार तर हा आकडा बघतात. पण तो किती तासांचा आहे, हे कोणी विचारत नाही. तो वर्षाला १६०० तासांचा आहे. देशभरासाठी म्हणून एक सरासरी धरलेली आहे. आता मला सांगा, आपल्यापैकी कोणाच्या घरी १६०० तास एसी चालतो? मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, रात्री दहा ते पहाटे चार-पाच. मे महिन्यात दोन वळीव झाले की आपण पुन्हा चादर शोधतो. म्हणजे साठ रात्री, सहा-सात तास. चारशे तास झाले.

आता गणित मांडू. २०१० च्या सुमाराचा दीड टनाचा तीन तारेवाला एसी त्याच रीतीने मोजला, तर १६०० तासांना ढोबळमानाने साडेतेराशे युनिट खाईल. नवा पाच तारेवाला साडेसातशे. फरक सहाशे युनिटचा. पण चारशे तासांना तो फरक दीडशे युनिटवर येतो. युनिटला सगळं धरून सात रुपये म्हटले तरी वर्षाला हजार-अकराशे रुपये. नवा एसी बसवणावळीसकट चाळीस-पंचेचाळीस हजार. वसूल व्हायला चाळीस वर्षं. आणि आपल्याकडची हवा लेबलवाल्या सरासरीपेक्षा सौम्य, म्हणजे फरक त्याहूनही कमीच.

माझे साडू नागपूरला असतात. त्यांचा तसाच एसी होता, त्याच वर्षातला. त्यांच्याकडे मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत रात्रंदिवस चालतो, घरी नव्वदीचे सासरे आहेत म्हणून. तिथे वरच्या टप्प्यातली वीज युनिटला दहा रुपयांच्या वर जाते. त्यांचा सहाशे युनिटचा फरक म्हणजे सहा हजार रुपये वर्षाला. सात-आठ वर्षांत पैसे वसूल. त्यांनी चांगला चालणारा एसी काढून नवा बसवला आणि मी म्हटलं, बरोबर केलंत. तेच यंत्र यशवंतपूरला असतं तर मी त्यांना हात लावू दिला नसता. तेव्हा एसीचं वय विचारण्याआधी तास विचारा. वय यंत्राचं असतं, खर्च तासांचा असतो.

यात आपल्याकडे एक पोटप्रश्न आहे, तो ‘गृहज्योती’चा. २०२३ च्या ऑगस्टपासून ज्यांच्या बिलाला ही सवलत लागू झाली, त्यांना ठाऊक आहे की आपल्या जुन्या सरासरीवर थोडं जास्त धरून तितकी वीज माफ होते. पण महिन्याला २०० युनिटची रेघ ओलांडली की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरावं लागतं. आता समजा घराचा एरवीचा वापर ११० युनिट आहे आणि एप्रिलमध्ये एसी १४० तास चालला. जुना त्यात १२० युनिट घेईल, एकूण २३० झाले आणि रेघ गेली. नवा घेईल ६५, एकूण १७५, रेघेच्या आत. अशा घरात फरक वर्षाला हजारावरून साडेतीन-चार हजारांपर्यंत जाऊ शकतो. तरीही वसुलीला अकरा-बारा वर्षं आहेतच. त्यापेक्षा जुन्यावरच २४ ऐवजी २६ अंश लावा, पंखा सोबत चालू ठेवा आणि पहाटे तीनला टायमरने बंद करा. आपल्याकडे पहाटे बाहेरची हवाच एसीइतकी गार असते.

आता दुसरी बाजू. तुमचा एसी बंद पडला आहे. मेकॅनिक आला, त्याने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, “कॉम्प्रेसर गेला.” किंवा “गॅस संपला.” ही दोन वाक्यं नीट समजून घ्या, कारण तुमचे पैसे इथेच जातात.

एसीतला गॅस संपत नाही. तो स्कूटरचं पेट्रोल नव्हे. बंद नळीतून तो फिरत राहतो. आत पातळ, बाहेर दाबाखाली, पुन्हा आत. वीस वर्षं तितकाच राहू शकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या कळशीत पाणी ओतणं. काही घरांत मी बघितलं आहे, दर एप्रिलला तीन-साडेतीन हजारांचा गॅस, चार वर्षं सलग. एवढ्या पैशांत नवीन कॉइल आली असती. नीट मेकॅनिक काय करतो? आधी नायट्रोजनचा दाब देतो, सांध्यांना साबणाचं पाणी लावतो, बुडबुडा कुठे येतो ते बघतो. बहुतेक वेळा आउटडोअरच्या नटापाशी सांधा सैल असतो. तो नव्याने केला की झालं. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओल अर्धा-पाऊण तास ओढून काढतो, आणि शेवटी वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस भरतो. मेकॅनिकच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आणि काटा नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

कॉम्प्रेसरचं तसंच. बाहेरचा पंखा फिरतो, कॉम्प्रेसर घुं करतो आणि मिनिटाभरात बंद पडतो, ही तक्रार घेऊन दहा जण आले तर त्यातल्या बऱ्याच जणांचा नुसता कपॅसिटर गेलेला असतो. बोटभर जाडीची डबी असते ती, एस. पी. रोडवर काही शे रुपयांना मिळते. ती कमजोर झाली की कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर मिळत नाही. मीटरने तपासायला दोन मिनिटं लागतात.

एक घडलेली गोष्ट सांगतो. मत्तीकेरेच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एक आजी आहेत, ब्याऐंशी वर्षांच्या, वरच्या मजल्यावर एकट्या. वर उघडी गच्ची, दिवसभर तापलेला स्लॅब. एप्रिल २०२४ च्या त्या शेवटच्या आठवड्यात त्यांचा २०११ सालचा एसी बंद पडला. आलेल्या माणसाने सांगितलं, कॉम्प्रेसर गेला, अठरा हजार होतील, त्यापेक्षा नवा घ्या. मुलगा पुण्याला, तो फोनवर म्हणाला, मी आत्ता ऑर्डर करतो, पाच दिवसांत येईल. आजींचं म्हणणं वेगळंच : “मला नकोच एसी, पंखा आहे ना.” पण दोन रात्री त्या झोपल्या नव्हत्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या. शेजारच्या वहिनींना काळजी वाटली म्हणून त्यांनी मला बोलावलं. पाच दिवस थांबायला वेळ नव्हता, हा त्यातला खरा प्रश्न होता. पैसे दुय्यम.

मी मीटर लावला. पन्नास मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकतीस दाखवत होता. आउटडोअरची कॉइल धुळीने अशी बुजली होती की जाळीऐवजी घोंगडी वाटावी. कपॅसिटर बदलला, कॉइल धुतली. पाण्याची त्या वर्षी काय बोंब होती ते तुम्हाला ठाऊकच आहे; दोन बादल्या पाणी मागतानाही संकोच वाटला. हजाराच्या आत सगळं आटोपलं आणि त्या रात्री आजी झोपल्या. आधी आलेला माणूस लबाड होता असं मी म्हणणार नाही. त्याच्याकडे मीटर नव्हता, आणि उन्हाळ्यात दिवसाला बारा घरं करायची असतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याच एसीतून कोमट हवा यायला लागली. दाब देऊन बघितला तर आतली कॉइलच तीन ठिकाणी झिरपत होती. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं. त्या मॉडेलची कॉइल मिळेना. शिवाय त्यात गॅस होता आर-२२. मी आजींना म्हटलं, आता मात्र सोडा याला. कारण ऐका.

आर-२२ हा ओझोनच्या थराला इजा करणाऱ्या वायूंपैकी. १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगाने हे वायू टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं आणि भारत त्यात १९९२ साली आला. १ जानेवारी २०२५ पासून आपल्याकडे नवीन यंत्रं बनवताना आर-२२ वापरता येत नाही. जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीला तो मिळतो, पण २०३० पर्यंत तोही आटत जाणार आणि भाव चढत जाणार. तेव्हा आर-२२ च्या एसीचा सांधा गळत असेल तर जरूर दुरुस्त करा, एकदाच गॅस लागेल. पण कॉइल सडली असेल किंवा कॉम्प्रेसर खरोखर जळला असेल तर त्यात पैसे घालू नका. आणि एक गोष्ट कृपा करून कोणालाही करू देऊ नका. आर-२२ च्या जुन्या यंत्रात “साहेब, नवा गॅस टाकतो, स्वस्त पडतो” म्हणून आर-३२ किंवा आर-२९० भरणारे लोक आहेत. आर-३२ चा दाब जुन्याच्या दीडपटीहून जास्त असतो. जुन्या नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. आणि आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसचा भाऊ. ज्या यंत्राची रचनाच प्रोपेनसाठी केली आहे त्यात तो उत्तम काम करतो. जुन्या यंत्रात, जिथे स्विचची ठिणगी उडते, तिथे तो घरात आणू नये.

आजींना नवा घ्यायचं ठरलं तेव्हा मुलाचा आग्रह, पाच तारेच हवेत, दीड टनच हवा. आजींची खोली दहा बाय बारा. गच्चीवर पांढरा परावर्तक रंग लावून घेतल्यावर तिथे एक टन पुरला. ताऱ्यांचं म्हणाल तर २०१० साली ३.१ गुणांना पाच तारे मिळायचे. मोजण्याची रीत बदलून २०१८ साली नवं कोष्टक आलं, त्यात ३.१ ला एकच तारा. आणि जुलै २०२२ पासून स्प्लिटच्या पाच ताऱ्यांना ५ गुण लागले. म्हणजे आजचा तीन तारेवाला कालच्या पाच तारेवाल्याच्या पुढे आहे. एक टनाच्या तीन आणि पाच ताऱ्यांत १६०० तासांना दीडशेच्या आसपास युनिटचा फरक. आजींच्या पाचशे तासांना पंचेचाळीस युनिट, तीनशे रुपये. त्यासाठी सहा-सात हजार जास्त कोण देईल? तीन तारेवाला घेतला. मुलगा थोडा नाराज झाला. आजी मात्र खूश, त्यांनी उरलेल्या पैशांतून चांगला स्टॅबिलायझर घेतला.

याच्या उलट उदाहरण आमच्याच इमारतीतलं. एक तरुण जोडपं, दोघंही संगणक कंपनीत, २०२० पासून आठवड्याचे तीन-चार दिवस घरून काम. खोली पश्चिमेची. फेब्रुवारी ते जून आणि पुन्हा ऑक्टोबर, दिवसाही एसी. मी त्यांना तास लिहायला लावले. वर्षाला तेराशेच्या वर निघाले. त्यांचा २०१२ चा एसी धडधाकट होता, तरी मी म्हटलं, बदला, आणि पाच तारेवालाच घ्या. वर-खाली राहणाऱ्या दोन घरांना दोन उत्तरं दिली म्हणून लोक मला हसतात. हसू देत. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचाही त्यांना फायदा झाला.

आणखी एक सांगून थांबतो. एसीचा प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, काळा पडला असेल, तर दुरुस्ती की नवा हा प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. आपल्या भागातल्या जुन्या घरांत एसीसाठी वेगळी तार ओढलेलीच नसते.

जुना एसी काढताना तो चालू स्थितीत असेल तर मेकॅनिकला ‘पंप डाउन’ करायला सांगा. आउटडोअरचा एक व्हॉल्व्ह बंद करून कॉम्प्रेसर चालवला की सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद करायचा. नाही तर भंगारवाला सरळ तांब्याची नळी कापतो आणि किलोभर गॅस फुस्स करून हवेत. एक किलो आर-२२ पृथ्वी तापवायला जवळजवळ अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका पुरतो. तुमच्या नव्या एसीची कित्येक वर्षांची वीजबचत त्या एका फुस्समध्ये जाते. १६ सप्टेंबरला जागतिक ओझोन दिन असतो, बऱ्याच वर्षी तो गणपतीच्या आसपासच येतो, म्हणून एवढं बोललो. जुनं यंत्र नोंदणीकृत ई-कचरावाल्याकडे किंवा कंपनीच्या एक्स्चेंजमध्ये द्या. तांब्याचे दोन-तीनशे रुपये कमी मिळतील.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी दोन)

प्रश्न : आमच्याकडे २००९ चा खिडकीचा एसी आहे. आवाज करतो, पण गार करतो. काढावा का?

उत्तर : मुळीच नाही. खिडकीच्या एसीत सगळं एकाच पेटीत, कारखान्यातच जोडलेलं असतं. नटाचे सांधे नाहीत म्हणून गळतीही क्वचित. आवाज बहुधा पंख्याच्या बुशचा किंवा सैल स्क्रूचा असेल. पण बाहेरून एकदा बघा. ज्या लोखंडी ब्रॅकेटवर तो टेकला आहे ती गंजली असेल तर खालून माणसं जातात. ती ब्रॅकेट या आठवड्यात बदला.

प्रश्न : नवा इन्व्हर्टर एसी जुन्याइतकी वर्षं टिकेल का?

उत्तर : कॉम्प्रेसर टिकेल, त्याला दहा वर्षांची वॉरंटी बहुतेक जण देतात. पण त्या दहा वर्षांत गॅस आणि मजुरी बहुतेक वेळा येत नाही. आणि पीसीबी किती वर्षं, हे कार्डावर वेगळं बघा. इन्व्हर्टरचा जीव पीसीबीत असतो, आणि तो गेला तर सात-आठ हजारांपर्यंतचं बिल येऊ शकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळिवाबरोबर विजा कडाडतात, त्या रात्री एसी नुसता रिमोटने बंद करू नका, भिंतीवरचा स्विचही बंद करा. आणि जूनमध्ये मोसम संपला की फिल्टर धुऊन, वाळवून लावा आणि एमसीबी पाडून ठेवा, ती थेट फेब्रुवारीत उचला.